पापडाएवढी जाडी

श्रावण सरत आला होता तेव्हा मी गवती दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीचे सतरा फोटो मॅडमना पाठवले. संध्याकाळी उत्तर आलं. "फोटो सुंदर आहेत गं, पण नोंदीला उपयोगी पडेल असा एकही नाही. पाकळ्या स्पष्ट आहेत तिथे मधलं सगळं धूसर. मधलं दिसतंय तिथे पाकळ्या गेल्या. कुक्षीवृंत मोजू कशी मी?" कुक्षीवृंत म्हणजे फुलाच्या स्त्रीकेसराचा दांडा.

मॅडम कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात आणि रत्नागिरीच्या आमच्या बाजूच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळांवर, पावसाळ्यात काय काय उगवतं त्याची नोंद करत आहेत. मी शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, कॅमेरा हा माझा छंद. त्यांना फोटो देण्याचं काम मी आपण होऊन मागून घेतलं होतं. म्हणून ते उत्तर लागलं. आणि त्यांचं बरोबर होतं.

सड्यावर जांभ्याच्या कातळावर मातीचा थर असतो तो बोटभर, कुठे कुठे तेवढाही नाही. पावसाचं पाणी त्यातून दिवसरात्र झिरपत जातं आणि जाताना मातीचा कस घेऊन जातं. नायट्रोजनची ती तूट ही वनस्पती किडे पकडून भरून काढते. पान दोऱ्यासारखं लांब, जेमतेम दोन मिलिमीटर रुंद. त्यावर उभे लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. शाळेच्या प्रयोगशाळेतलं व्हर्नियर नेऊन मी थेंबांना धक्का न लावता अंदाज घेतला, तर केसांसकट पान पाच-सहा मिलिमीटर भरलं. फूल गुलाबी, पाच पाकळ्यांचं, सव्वा सेंटिमीटरच्या आसपास. त्याच्या मधोमध तीन कुक्षीवृंत, प्रत्येक बुडापासून दुभंगलेला, म्हणजे बघणाऱ्याला सहा तंतू दिसतात. मॅडमना हे सहा तंतू, पाच पुंकेसर आणि पाकळ्यांचा पूर्ण आकार एकाच फोटोत हवा होता. दुसऱ्या फोटोत पान, टोकापासून निदान तीन-चार सेंटिमीटर, प्रत्येक थेंब दिसेल असं.

माझा कॅमेरा सेकंडहँड, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा, २४ मेगापिक्सेलचा. लेन्स १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायची, १:१ पर्यंत जाणारी. १:१ म्हणजे वस्तू सेन्सरवर आहे त्याच मापाची उमटते. सेन्सर २२ मिलिमीटर रुंद, तर फ्रेममध्ये वस्तूचेही २२ मिलिमीटरच मावतात. इतक्या जवळ गेल्यावर फोकसमध्ये काय राहतं आणि काय सुटतं, म्हणजे ज्याला सगळे डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात, ते आपल्या ताब्यात आहे असं मला वाटायचं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं छिद्र, लहान करा, डेप्थ वाढते, हे तर पहिल्याच दिवशी शिकलेलं.

म्हणून दुसऱ्या रविवारी मी सरळ एफ/२२ लावलं (एफचा आकडा जितका मोठा तितकं छिद्र लहान). घरी येऊन फोटो मोठे करून बघितले. फोकसमध्ये जास्त भाग आला होता हे खरं, पण कुठलाच भाग धड स्पष्ट नव्हता. थेंबात आभाळाचा जो टाचणीच्या टोकाएवढा चमकता ठिपका असतो तो पसरून मऊ झालेला. केसांच्या कडा लोकरीसारख्या. वर फुलामागचं गवत, जे आधी हिरव्या धुक्यासारखं होतं, ते पातं न् पातं पुढे आलेलं आणि फूल त्यात हरवलेलं. कारण मला ठाऊक असायला हवं होतं. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, हे विवर्तन. आणि मॅक्रोत छिद्र लिहिलंय त्याहून बारीक असल्यासारखं वागतं: आकड्याला एक अधिक मॅग्निफिकेशन (वस्तू सेन्सरवर किती पट उमटते ते) याने गुणायचं. १:१ ला तो गुणक दोन. म्हणजे माझं एफ/२२ प्रत्यक्षात एफ/४४ होतं. काही कॅमेरे हा खरा आकडा स्क्रीनवर दाखवतात, माझा नुसता २२ दाखवतो.

त्या रात्री मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर प्रयोग मांडला. स्टीलची पट्टी, जिच्या एका कडेला अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असतात ती, दोन पुस्तकांना टेकवून ४५ अंशांत तिरपी उभी केली. कॅमेरा ट्रायपॉडवर, दोन सेकंदांचा टायमर, फोकस पट्टीच्या मधल्या खुणेवर. आणि एकेक अ‍ॅपर्चर बदलत फोटो. तिरप्या पट्टीवर जेवढे मिलिमीटर स्पष्ट दिसतात त्यांना १.४ ने भागलं की सरळ खोली मिळते. माझा हिशोब आणि सूत्राने काढलेली उत्तरं बऱ्यापैकी जुळली. १:१ ला एफ/८ वर खोली साधारण ०.६ मिलिमीटर. एफ/११ वर ०.९. एफ/२२ वर पावणेदोन. म्हणजे एवढी स्पष्टता घालवून मी कमावलं होतं ते एका मिलिमीटरच्या आतबाहेर.

आणखी एक गोष्ट त्या पट्टीने सांगितली. निसर्गदृश्याच्या फोटोत फोकसच्या पुढे एक भाग आणि मागे दोन भाग स्पष्ट येतात असं आपण ऐकलेलं असतं. इथे तसं काही दिसत नव्हतं. जेवढ्या खुणा पुढे, जवळपास तेवढ्याच मागे. मी आजवर फोकस जरा पुढे धरून मागचं आपोआप येईल अशा भरवशावर होते.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पट्टीचे फोटो घेऊन अण्णांकडे गेले. अण्णा आमच्या आळीतले, फिल्मच्या काळात त्यांचा स्टुडिओ होता, भात्याचा मोठा कॅमेरा वापरलेला माणूस. त्यांनी फोटो बघितले, आत गेले आणि डब्यातून उडदाचा एक कच्चा पापड घेऊन आले. पापड माझ्या डोळ्यांसमोर उभा धरला.

"हा तुझा फोकस. कॅमेऱ्याच्या पाठीला समांतर उभा आहे, आणि एवढाच जाड आहे. एफ/८ ला हा पापड. एफ/२२ ला फार तर आंबापोळी. त्याहून जाड तो होणार नाही. आता फूल याच्यात कसं बसवायचं ते सांग."

मी म्हटलं, "अण्णा, फूल तर खोलगट आहे."

"असू दे की. तू पापड जाड करायच्या मागे लागलीयेस. तो फिरव ना."

त्यांनी पापड तिरका केला, आडवा केला. भात्याच्या कॅमेऱ्यात लेन्सची चौकट पुढे-मागे कलवता यायची आणि त्याने फोकसचं प्रतल वस्तूवर पाडता यायचं, हे त्यांनी सांगितलं. त्यामागचा नियम शाइमफ्लुग या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखला जातो, त्याचं पेटंट १९०४ चं. माझ्या लेन्सला तशी सोय नाही. तशी लेन्स मिळते, पण तिची किंमत माझ्या आवाक्यातली नाही. मग माझ्याकडे कलवायला उरतो तो अख्खा कॅमेरा. आणि कॅमेरा कलवायचा म्हणजे स्वतःला.

पुढच्या रविवारी भाच्याला बरोबर घेतलं. तो नववीत आहे, आणि कातळावर माझ्यापेक्षा हलक्या पावलांनी चालतो. (हे महत्त्वाचं आहे. सड्यांवर कातळशिल्पं बघायला आता बरीच माणसं येतात, यावीतच. पण बघायचं असतं खडकावरचं आणि पाय पडतो तो खडकाच्या कडेच्या ओल्या मातीवर, जिथे दवबिंदू आणि सीतेची आसवं ही इवली झाडं असतात. कोरड्या, उघड्या कातळावरूनच चालायचं, एवढं केलं तरी पुष्कळ होतं.)

सकाळचे सात. वारा नाही. मेणकापड अंथरून मी पालथी झोपले. ट्रायपॉड इतका खाली जात नाही, म्हणून जुन्या लेंग्याच्या पायात धुऊन वाळवलेली वाळू भरून उशी शिवली होती, तिच्यावर कॅमेरा. पानापासून सुरुवात केली कारण फूल अजून मिटलेलं होतं. पान जमिनीतून वर येऊन थोडं माझ्याकडे झुकलेलं. डोळ्यांना ते सरळ वाटतं. पण माझ्याकडे झुकलं आहे म्हणजे टोक आणि बूड यांच्यात खोलीचा फरक सेंटिमीटरभर असणार, आणि माझ्याकडे आहे एक पापड.

भाचा बाजूला उकिडवा बसला. त्याला एवढंच काम: कॅमेऱ्याची पाठ आणि पान या दोन रेघा बाजूने बघायच्या आणि समांतर आहेत का ते सांगायचं.

"आत्या, कॅमेरा वरून मागे झुकव. अजून. जास्त झाला, थोडा पुढे. हां. आता उजवीकडून थोडा मागे घे."

"आता?"

"आता सारखे आहेत."

स्वतः लेन्समागे असलं की हे कळत नाही, म्हणून सांगते. समोरून सगळं सपाटच दिसतं. बाजूने बघणारं कोणी नसेल तर आता मी कॅमेरा जागेवर ठेवून उठते, बाजूला जाऊन बघते आणि परत येऊन झोपते. वेळ जातो, पण पाच अंशांची चूक दोन मिलिमीटरच्या खोलीला नडते.

एफ/८ वर घेतलेल्या त्या फोटोत पानाचे साडेतीन सेंटिमीटर आले, टोकाच्या वळलेल्या भागासकट. पानाचा दांडा आणि दोन्ही कडांना आडवे पसरलेले केस, थेंबासह, एकूण एक स्पष्ट. जे केस सरळ माझ्या दिशेने आलेले होते त्यांचे थेंब तेवढे विरघळले. ते विरघळलेले थेंब मला आवडले. पान गोल आहे, त्याला जाडी आहे, हे त्यांच्यामुळेच कळत होतं.

साडेतीन सेंटिमीटर कसे मावले, तर मी मागे सरकले होते. पट्टीच्या प्रयोगातली ही दुसरी कमाई. १:१ ला एफ/११ वर ०.९ मिलिमीटर मिळतात. १:२ ला, म्हणजे वस्तू सेन्सरवर निम्मी उमटेल इतकं मागे गेलं, की त्याच एफ/११ वर सुमारे २.६. १:४ ला पावणेनऊ. अ‍ॅपर्चरच्या आकड्यांशी झटून जे मिळत नाही ते वीतभर मागे सरकून मिळतं. अर्थात हा सगळा निव्वळ नफा नाही. मागून घेतलेला फोटो कापून १:१ एवढा मोठा केला तर धूसरपणाही मोठा होतो, आणि तिप्पट वाटलेली खोली दीडपटीवर येते. २४ मेगापिक्सेलचे सहा उरतात. पण सहा मेगापिक्सेलमध्ये बारा बाय आठ इंचांची छपाई व्यवस्थित होते, आणि नोंदीला तेवढं पुरून उरतं. मॅक्रो लेन्स हातात आली की १:१ ला जायचा मोह होतो. मला झाला होता, वर्षभर. आता आधी ठरवते की फ्रेममध्ये किती मिलिमीटर हवेत. रिंग त्या खुणेवर आणते, ऑटोफोकस बंद करते आणि मग रिंगला हात लावत नाही. फोकस करायचा तो अंग मागेपुढे करून.

फुलाची गोष्ट वेगळी होती. ते उमलतं ऊन चढल्यावर, आणि ऊन चढलं की समुद्राकडून वारा सुरू होतो. सातला वारा नसतो तेव्हा फूल मिटलेलं. दहाला फूल उघडं तेव्हा देठ एकेक सेंटिमीटर डुलतोय आणि माझा पापड जागचा हलत नाही. दुपार झाली की फूल परत मिटतं. मधे दोन-अडीच तास मिळतात.

त्या दोन-अडीच तासांसाठी मी बरंच काही करून बघितलं. देठाला काडीचा आधार द्यायचा नाही हे आधीच ठरवलं होतं. चिकट थेंबांना काडी लागली की झाडाची ती जागा वाया जाते. भाच्याने छत्री वाऱ्याकडून जमिनीला टेकवून धरली. त्याने डुलणं थांबलं नाही, निम्मं झालं. उरलेलं फ्लॅशने धरलं. कमी ताकदीवर फ्लॅशचा झोत इतका क्षणिक असतो की फूल हलत असलं तरी फोटोत हलत नाही. फ्लॅशपुढे बटर पेपरचे दोन थर लावले, नाहीतर प्रत्येक थेंबात कर्कश पांढरा चौकोन उमटतो. पण पहिल्या फोटोंत मागचं सगळं काळं आलं, भर सकाळी रात्र. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, ४०० आणि शटर १/१०० ला आणलं, म्हणजे मागच्या हिरव्याला आपला उजेड मिळाला आणि फुलाला फ्लॅशचा.

मागच्या हिरव्याबद्दल थोडं. एफ/११ वर फुलामागे चार बोटांवर गवत असेल तर ते डोळ्यात खुपतं. तेच गवत दोन हातांवर असेल तर नुसता रंग उरतो. म्हणून मी उमललेलं पहिलं फूल घेणं सोडलं. कातळाच्या कडेवरचं, ज्याच्या मागे उतार किंवा साचलेलं पाणी आहे, असं फूल शोधायला अर्धा तास गेला तरी चालतो. त्या दिवशी मिळालं त्याच्या मागे खळगीतलं पाणी होतं आणि पाण्यात ढग.

आता पापड कुठे ठेवायचा? पाकळ्या साधारण एका प्रतलात. पुंकेसर आणि कुक्षीवृंत त्यांच्या पुढे तीनेक मिलिमीटर आलेले. फुलाच्या बरोबर समोर, कॅमेऱ्याची पाठ पाकळ्यांना समांतर. पण फोकस पाकळ्यांवर टाकला की तंतू जातात, तंतूंवर टाकला की पाकळ्या. आधी माझे सगळे फोटो यातल्याच एका टोकाचे होते. पुढे-मागे सारखी खोली मिळते हे पट्टीने शिकवलं होतं, म्हणून आता फोकस दोघांच्या मधे ठेवला, हवेत, जिथे काहीच नाही अशा जागी. १:२, एफ/१३. सूत्राने तीन मिलिमीटर. पाकळ्या मागच्या काठावर, कुक्षी, म्हणजे तंतूंचे शेंडे, पुढच्या काठावर.

हवेत फोकस करणं म्हणायला सोपं आहे. मी आधी कुक्षीच्या टोकांवर फोकस आणायची, मग श्वास सोडत छाती दीड मिलिमीटर पुढे न्यायची आणि न्यायच्या वाटेवर बटण दाबायची. शरीर कधीच स्थिर नसतं, म्हणून एकाच्या जागी सहा-सात फोटो, सरकता सरकता. त्यातला एखादा नेमका बसतो. दीड तासात दोनशे दहा फोटो झाले. मान आखडली, कोपर सोलपटलं, भाच्याचा छत्री धरलेला हात भरून आला तरी तो बोलला नाही. घरी येऊन निवडले, तेव्हा चार उरले.

फोकस स्टॅकिंगही करून बघितलं. एका निवांत सकाळी, वारा पूर्ण पडलेला असताना, १:२ ला एफ/५.६ वर, रेलवर, म्हणजे कॅमेरा सरकवायच्या पट्टीवर, एकेक मिलिमीटर सरकवत समोरून येणाऱ्या पानाचे बावीस फोटो घेतले आणि कॉम्प्युटरवर जोडले. पान टोकापासून बुडापर्यंत लखलखीत. पण केसावरून केस जातो तिथे कडेला फिकट झालर आली, आणि पानावर नुकत्याच चिकटलेल्या डासाला नऊ पाय झाले. तो जिवंत होता. बावीस फोटो होईपर्यंत धडपडत होता. ते चित्र मी ठेवलं नाही. मेलेल्या, वाळलेल्या, स्थिर नमुन्याला स्टॅकिंगसारखी दुसरी पद्धत नाही, बियांचे फोटो मी तसेच काढते. सड्यावरच्या जिवंत झाडाला मात्र मला एकाच क्षणाचा एकच फोटो हवा असतो, त्यात काही धूसर राहिलं तरी.

ते चार फोटो मॅडमना पाठवले. यावेळी उत्तराऐवजी फोनच आला. "सहा! मोजले मी. आणि पुंकेसर पाच. पाकळीची शिरसुद्धा दिसतेय. आता बसकं दवबिंदू मिळालं तर बघ."

ते मिळालं भाद्रपदात, त्याच सड्याच्या पलीकडच्या अंगाला. या जातीची पानं जमिनीलगत, तांबडी, रुपयाएवढ्या चकतीत गोलाकार मांडलेली. चकती सपाटच. सरळ वरून कॅमेरा धरला, भाच्याने दोन बाजूंनी बघून "सारखा" म्हटलं, आणि एफ/५.६ वर तिसऱ्या फोटोत काम झालं. सगळे थेंब पापडात.

सध्या अडले आहे ती गेंद नावाच्या फुलांच्या गोंड्यापाशी. पांढरे, मण्याएवढे, कातळभर पसरलेले. गेंद सगळीकडून सारखाच गोल, त्यामुळे समांतर धरायला त्याला बाजूच नाही. पुढचा अर्धा गोल धरायचा तर तीन-चार मिलिमीटर लागतात, आणि समोरची बारीक फुलं मोजायची तर इतकं मागे जाऊन चालत नाही. अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "बघू, रविवारी येतो मी पण." गुडघे दुखतात त्यांचे, कातळावर चालवेल की नाही माहीत नाही. मी वाळूची दुसरी उशी शिवायला घेतली आहे, त्यांना बसायला.